किटलीचा व्यायाम

डिसेंबरचा पहिला सोमवार. कडाक्याची थंडी, पाटाच्या पाण्यावर धुकं, उसाची पानं दवानं ओली.

एवढं रोजनिशीच्या वहीत लिहून मी घराबाहेर पडलो, आणि तिथूनच माझा जो काही फजितवाडा सुरू झाला म्हणता! हसा खुशाल, पण चहा सांडू नका.

माझं देवळाली प्रवरात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर बसून काम. डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. तीन महिने रोज सकाळी चाला, नाहीतर गोळी सुरू करू. पण एकदम उड्या मारू नका हं. आधी थोडं, मग थोडं जास्त."

गोळीची मला फार धास्ती. आमच्या घराण्यात एकदा गोळी सुरू झाली की ती माणसाबरोबरच थांबते.

चालायला माझी ना नव्हती. अडचण होती ती गल्लीच्या तोंडावरच्या चहाच्या टपरीची! पांढरे बूट घालून कुणी तिथून गेलं की टपरीवाला गणपत ओरडलाच म्हणून समजा, "काय साहेब, पोलीस भरती निघाली का?" आमचे एक शेजारी जेमतेम चार दिवस चालले. पाचव्या दिवशी घरी बसले ते बसलेच. पण सगळी गल्ली त्यांना अजून 'हवालदार' म्हणते. मी तर एका दिवसातच घरी बसलो असतो. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

मग काय केलं असेल मी? स्वयंपाकघरातली रिकामी किटली उचलली! हातात किटली असली की आमच्याकडं माणसाला कुणी काही विचारत नाही.

"भाऊ, दुधाला का?" गणपत म्हणाला.

"हो, दुधाला."

झालं! सुटलो!

पहिला आठवडा पाटाच्या पुलापर्यंत. पुलाला लागूनच नानांचा गोठा. लिटरभर दूध घ्यायचं आणि हलत डुलत घरी यायचं. दुसऱ्या आठवड्यात अंतर वाढवायचं होतं. पण नानांचा गोठा ओलांडून किटली घेऊन पुढं जायचं, तर काहीतरी कारण हवं ना? पाटापलीकडं एका वस्तीवर दुसरा गोठा होता. मी तिथपर्यंत जायला लागलो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनवहिनींनी दारातच गाठलं.

"भाऊजी, नानांचा गोठा सोडून तिकडं लांब कशाला जाता हो?"

खरं सांगून टाकावं की नाही? पण जिभेवर काय आलं? "तिकडच्या दुधाला साय जाड येते."

एवढंच बोललो हो!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वहिनी किटली घेऊन हजर. "तुमी जातायच, तर माझं बी लिटरभर आना की." मग समोरच्या घरची किटली आली. मग कोपऱ्यावरची. महिना संपेपर्यंत माझे दोन्ही हात किटल्यांनी भरले, खांद्याला पिशवी आली, आणि एका सकाळी गणपत रस्त्यात आडवा झाला. "भाऊ, टपरीला बी दोन लिटर. तुमचं दूध लई गाजतंय!"

डॉक्टरांनी हळूहळू वाढवायला सांगितलं होतं. अंतर मी वाढवत होतो, वजन गल्ली वाढवत होती. नानांच्या गोठ्यावरून जाताना मी मान वळवून पलीकडचा ऊस बघायचो. त्या हंगामात ऊस माझ्याइतका बारकाईनं कुणी पाहिला नसेल.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं!" बायको म्हणायची.

"आणि हवालदार होऊ?"

"दूधवाले झालाच आहात की!"

एका रविवारी नाना गल्लीत आले. मोटारसायकल लावली आणि सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, माझं काय चुकलं तेवढं सांगा. ह्या गल्लीतली माझी समदी गिऱ्हाइकं तुटली. लोक म्हनत्यात, नानाच्या दुधात पानी हाय, असं भाऊच बोलले."

"नाना, मी असं कधीच बोललो नाही!"

"मग साय जाड म्हंजी काय वो?"

तोवर गल्ली गोळा झाली होती. नाना माझ्याकडं बघत होते. त्यांच्या गोठ्याला माझ्यामुळं बट्टा लागला होता. आता कसली लाज आणि कसलं काय! मी ओट्यावर उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "नानांचं दूध एक नंबर आहे! सायीचं मी खोटं बोललो. मी व्यायाम करतोय. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून लांब जातो!"

मी डोळे मिटून 'हवालदार' ऐकायची वाट बघत राहिलो.

"व्यायाम?" गणपत म्हणाला. "तुमी? काय बी सांगता का भाऊ!"

"लाजू नका भाऊजी," सुमनवहिनी म्हणाल्या. "दुधाचा धंदा काय वाईट हाय व्हय?"

अहो, मी घरात धावलो, रक्ताचा रिपोर्ट आणून त्यांच्या हातात दिला! वहिनींनी तो उलटसुलट बघितला. "हे कशाचं, दुधाच्या फॅटचं का?"

नानांचा चेहरा मात्र खुलला होता. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "भाऊ, धंदा असा चोरून करू न्हाई. माझ्याकडं गाया, पलीकडं म्हशी. गाईचं माझ्याकडनं न्या, म्हशीचं त्यांच्याकडनं. म्हंजी कुनाचंच तुटायचं न्हाई."

गल्लीनं माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये रक्त तपासलं. साखर उतरली आहे. गोळी लागली नाही. गाईचं दूध नानांकडून आणि म्हशीचं पाटापलीकडून, सकाळी सातच्या आत घरोघर पोचतं. खाडा पडणार असेल तर मी आदल्या संध्याकाळी कळवायचं, असं ठरलं आहे.