अर्धा इंच

पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी मी आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत एकटीच चालायला गेले... आणि मला चक्क आनंद झाला. का झाला ते सांगायला लाज वाटते. पण सांगतेच.

माझी रोजची जोडीदार म्हणजे रजनी. आम्ही दोघी पारोळ्याच्या, शाळेत एका बाकावरच्या. लग्न होऊन जळगावात आलो आणि योगायोगाने एकाच गल्लीत पडलो. वय दोघींचं अठ्ठेचाळीस.

पाच महिन्यांपूर्वी तिची शुगर जरा वर आली. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग गोळ्यांचं बघू. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाईसाहेब आमच्या फाटकाची कडी वाजवत उभ्या... "ऊठ वं ललिते, चाल!" शुगर तिची वाढली, झोप माझी उडाली.

तेव्हापासून रोज. मी कंटाळले की हात धरून ओढायची, मला धाप लागली की थांबायची. फक्त त्या खांबापर्यंत चल, असं म्हणत म्हणत पूर्ण चार फेऱ्या मारून घ्यायची.

आणि उतरली कोण? तीच. नऊ किलो! मी दीड.

बायका तिला रस्त्यात थांबवून विचारायच्या, ताई, काय खाता हो तुम्ही? मी शेजारी उभी राहून बुटाची लेस बांधायचे... सुटलेली नसली तरी. शेवभाजी सोडली तिने, सोडली मीही. मग माझ्याच कंबरेने काय घोडं मारलं होतं?

त्यात मी घरी ब्लाउज शिवते. गल्लीतल्या बहुतेक बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. त्यामुळे रजनी बारीक होतेय हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती... तिचे ब्लाउज मीच आत घेत होते. जुनं माप खोडून नवीन लिहायचं, तेही माझ्याच हाताने. दर वेळी मी पेन जरा जास्तच दाबून धरायचे.

मग धुळ्याला तिच्या भाच्याचं लग्न निघालं. साडी मोरपंखी, त्यावरचा जुना ब्लाउज घेऊन आली. दोन्ही बाजूंनी एकेक इंच घे म्हणाली. आरशासमोर वळून वळून बघत होती... आणि हळूच म्हणाली, किती वर्षांनी फोटो काढून घ्यावासा वाटतोय गं.

ते मला बोचलं. खूप बोचलं.

मी दीड-दीड इंच घेतला. चुकून नाही हं. खडूची खूण एका इंचावर होती, मीच केलेली, आणि मशीन मी त्या खुणेच्या आतून चालवली. वर ब्लाउज दिला तो थेट गाडीच्या वेळेला, म्हणजे घालून बघायला सवडच नको. हिलाही एकदा कळू दे हुक न लागणं काय असतं... एवढंच मनात होतं.

ती धुळ्याहून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही. मी एकटीच निघाले, ताठ मानेने. तोच तो आनंद! एक फेरी टिकला. दुसऱ्या फेरीत नेहमीच्या खांबापाशी आले आणि पुढे पायच उचलेना. चल म्हणणारं कुणी नव्हतं.

दोन दिवस वाट बघितली. मग शिवता शिवता उठले आणि गळ्यात टेप तशीच ठेवून तिच्या घरी गेले.

रजनी तोंड सुकवून बसलेली. हुक लागले नाहीत म्हणून सगळं लग्न अंगावर शाल घेऊन काढलं... एकाही फोटोत नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीवरून उठून गेली. आल्यापासून नुसत्या चहावर होती.

"मन्हं वजन फिरी वाढी गयं वं," ती म्हणाली. "पाच महिना फुकट गयात. आते गोया चालू करस." म्हणजे त्याच शुगरच्या गोळ्या, ज्या टाळायला ती चालत होती.

काट्यावर उभं राहायची तिची हिंमतच होत नव्हती. काट्याची गरजही वाटली नव्हती म्हणा... माझ्या शिलाईवर तिचा तेवढा विश्वास.

ब्लाउज आण म्हटलं, तिचीच कात्री मागितली आणि तिच्यासमोर शिवण उसवली. खडूची खूण अजून दिसत होती.

"तुन्हं वजन नही वाढनं वं. मीच जास्ती आत लिधं... मुद्दाम. माले देखवत नव्हतं."

वाटलं, आता ओरडेल, रडेल. तिने त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग माझ्या गळ्यातली टेप ओढली, माझ्याच कंबरेभोवती गुंडाळली आणि वाचलं. "अडतीस. वहीमा लिखी ठेव." आणि आत निघून गेली.

घरी येऊन वही काढली. गल्लीभरच्या मापांमध्ये माझं शेवटचं माप एकेचाळीस... दोन वर्षांपूर्वीचं. पाच महिने मी तिचे इंच मोजत बसले होते. स्वतःला एकदाही टेप लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाचपासून जागी होते. साडेपाचला कडी वाजली. हाक नाही, काही नाही, नुसती कडी. चारही फेऱ्या ती दोन पावलं पुढे आणि मी मागे, अशा आम्ही न बोलता मारल्या. पण खांबापाशी मला धाप लागली, तेव्हा ती थांबली.

तेव्हापासून असंच चाललंय. तो ब्लाउज तिने दुसरीकडे शिवायला टाकलाय... तेही मला बघवत नाही! जळणं एवढ्यात जाणार नाही माझं, खोटं कशाला बोलू.

ही पोस्ट टाकण्याआधी काल तिला वाचायला दिली. सगळी वाचली. मोबाईल परत देताना म्हणाली, "टाक. अन सकाय लवकर ऊठ."

दहा-बारा दिवसांतलं तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. आज कडी वाजली तेव्हा मी बूट घालून फाटकातच उभी होते.