भिंतीवरचे दोन चौकोन

मांजरी गावातलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा जाहिरात मीच लिहिली. जुनं कौलारू घर, सागवानी दार, मागे आड, डागडुजी आवश्यक. लोक येत, बघत आणि परत फोन करत नसत. शेवटी एजंट म्हणाला, गळकी कौलं चालतात हो, पण भिंतीवरच्या तसबिरी तेवढ्या उतरवा, गिऱ्हाईक लगेच ओळखतं. त्याला चार शब्द सुनावायचे सोडून मी बरं म्हणालो. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

पुढचं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. आदल्या दिवशी खराडीहून ऑफिस सुटल्यावर परस्पर गेलो. बुद्धाची आणि शेजारची निळ्या कोटातली, अशा दोन्ही तसबिरी उतरवल्या, चादरीत गुंडाळल्या आणि गाडीच्या डिकीत टाकल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच विहार आहे आणि त्यावर पंचरंगी ध्वज फडकतो, हे माझ्यासारख्या हुशार माणसाच्या ध्यानातही आलं नाही.

घर बांधल्यावर वडिलांनी चूल मांडण्याआधी ते दोन खिळे ठोकले होते. चुना देताना ते तसबिरी उतरवत नसत, भोवतीनं कुंचला फिरवत. त्यामुळे आता पांढऱ्या भिंतीवर दोन चौकोन दिसत होते, घराच्या पहिल्या निळ्या रंगाचे.

रविवारी आईला घेऊन गेलो. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

गिऱ्हाईक म्हणजे नागपूरकडून मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तरांनी आड पाहिला, वासे ठोकून पाहिले आणि मग त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"तसबिरी काढल्या का?" त्यांनी मला विचारलं.

आयुष्यात कधी खोटं न बोललेली माझी आई पुढं झाली.

"काचा फुटल्या हायेत. बसवायला दिल्यात."

मास्तरांनी मान हलवली. म्हणाले, "खिळे राहू द्या. आमच्याही त्याच दोन तसबिरी तिथंच लावू."

त्यांची बायको हसली. मी जमिनीकडे बघत होतो. घर त्यांना पसंत पडलं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ते गेल्यावर आई म्हणाली, "आता डिकी उघड."

तिनं चादर सोडली आणि दोन्ही तसबिरी पदरानं पुसल्या. काचांना साधा ओरखडाही नव्हता. त्या क्षणी मला त्या खरोखरच फुटलेल्या हव्या होत्या. निदान आईचं बोलणं तरी खरं ठरलं असतं.