गरम करून ठेवलेली गाडी

गेल्या फेब्रुवारीत मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका चौकात माझ्या मुलीची छोटी गाडी बर्फावरून घसरली. सिग्नल लाल होता, ती ब्रेक दाबत होती आणि गाडी थांबत नव्हती. शेजारच्या सीटवर बसून मी उजवा पाय गाडीच्या तळाशी दाबत होते, जणू माझ्याही पायाखाली ब्रेक आहे. समोरचा ट्रक हॉर्न वाजवत वळून गेला म्हणून आम्ही वाचलो. "आई, इट्स ओके," मुलगी म्हणाली. आवाज मात्र ओके नव्हता.

या हिवाळ्यात तिला उत्तरेकडे नोकरी लागली. चार तासांचा रस्ता, त्यातला अर्धा जंगलातून, फोनला रेंज नाही. दर आठवड्याला एकटीनं जायचं आणि यायचं. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीशिवाय मी तिला जाऊ देणार नव्हते. जुनी का होईना, पण खात्रीची.

घरात गाड्यांतलं कोणालाच कळत नाही, म्हणून मी नेहमी करते तेच केलं. यादी केली. सतरा मुद्दे, क्लिपबोर्डला लावून. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायचं, कारण त्याची खरखर तेव्हाच ऐकू येते. चारही टायर सारखे झिजलेले हवेत, नाहीतर चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा आतून बिघडते. खाली वाकून गंज बघायचा, कारण इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीला खालून खातं. शेवटच्या मुद्द्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या: गॅरेजमध्ये वर उचलून तपासल्याशिवाय घ्यायची नाही. शनिवारी साडेअकराची वेळही घेऊन ठेवली.

गाडी मिळाली मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. विकणारे काका मूळचे नागपूरचे, काकूंसह टेक्सासमध्ये शुगर लँडला मुलाकडे कायमचे निघालेले. आम्ही पोचलो तेव्हा गाडी दारात उभी होती, इंजिन चालू.

"अर्ध्या तासापासून गरम करून ठेवली," काका म्हणाले. "एवढ्या थंडीत तुम्ही मायलेकी कुडकुडत कशाला बसायचं?"

पहिला मुद्दा तिथेच गेला. इतक्या आपुलकीनं केलेल्या गोष्टीवर काय बोलणार?

मग पोहे आले, वर खोबरं. चहा आला. काकूंनी मुलीला जवळ बसवून विचारलं, "एकटी राहणार गं तिथे? जेवणाचं काय करशील?" काका म्हणाले, "तुम्ही नाही घेतली तर ही गाडी मी स्वतः ड्राइव्ह करत टेक्सासला नेणार. इतकी भरवशाची आहे. कालच आम्ही दोघं हायवेनं डेट्रॉइटला जाऊन आलो." क्लिपबोर्ड माझ्या मांडीवर उलटा होता. ज्यांचे पोहे खाल्ले त्यांच्या अंगणात आडवं पडून त्यांच्या गाडीखाली टॉर्च मारायचा? आणि गॅरेजचं तर नावच काढता येईना. घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी म्हणत होते, "नको काकू, खरंच पुरे."

चक्कर मारायला निघालो. मुलगी चालवत होती, मी शेजारी, काका मागे. एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी तिला स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरायला सांगितलं. हा सहावा मुद्दा. गाडीनं झटके दिले, कोणी खालून ओढून धरल्यासारखे.

"टायर थंड आहेत ना," काका म्हणाले. "पुढचे दोन तर मी गेल्याच वर्षी नवे टाकले."

पुढचे दोन. म्हणजे मागचे जुनेच.

रस्त्यावर आलो. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली, पण जरा पुढे जाऊन. मुलीनं समोरच बघत हळूच म्हटलं, "आई, ब्रेक खूप खाली जातोय."

माझ्या डोळ्यांसमोर फेब्रुवारीतला तो चौक आला. या वेळी ट्रक वळत नव्हता.

"पुढच्या वळणाला उजवीकडे घे. अगदी हळू." गॅरेज तिथेच होतं. मग मागे वळून म्हणाले, "काका, माफ करा. मी इथे वेळ घेऊन ठेवली आहे."

 काका म्हणाले, "पोहे खाताना बोलला नाहीत. आपल्या माणसावर एवढा अविश्वास?"

 गाडी थांबताच मी क्लिपबोर्ड घेऊन उतरले.

मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि आम्हाला तिच्याखाली बोलावलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर टेकवला, जरासा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचे पापुद्रे आमच्या बुटांवर पडले. मग त्यानं मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची बारीक नळी दाखवली. तिच्यावर एक ओला थेंब जमत होता. खाली पडला. दुसरा जमू लागला.

"ही चालवत आणलीत?" त्यानं विचारलं. "कुठून?"

मला वाटलं, काका वाद घालतील. ते त्या थेंबाकडे बघत होते. "काल सत्तर मैलांच्या स्पीडनं गेलो हो," ते मराठीतच, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "ही शेजारी झोपली होती." आणि भिंतीशी रचलेल्या टायरांवर बसले.

त्यांचा फोन वाजला. काकूंचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "आवडली का हो पोरीला? मी माझी गाडी काढून पटकन पेढे घेऊन येते."

"हलू नकोस," काका एकदम ओरडले. "घरातच थांब. तुझीही गाडी तेवढीच जुनी आहे."

"अहो, पण झालं काय?"

 फोन त्यांनी माझ्या हातात दिला. मी काकूंना म्हटलं, "सगळे ठीक आहोत. टॅक्सीनं येतोय." मग काकांनी माझ्या क्लिपबोर्डकडे हात केला. मी यादी काढून दिली. ती त्यांनी वाचली नाही, घडी करून खिशात ठेवली आणि मेकॅनिकला विचारलं, काकूंची गाडी सोमवारी आणली तर चालेल का. "आणू नका," तो म्हणाला. "मीच येऊन बघतो."

मुलीला रुजू व्हायला तीन आठवडे उरले होते आणि गाडी अजून नव्हतीच. परतताना टॅक्सीत काका पुढे बसले, आम्ही मागे. सिग्नल लाल झाला. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. दोन सीटांमधल्या फटीतून मला काकांचा बूट दिसला. तोही खाली घट्ट दाबलेला होता, आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही सुटला नाही.