तेलातलं इंजेक्शन

चार वर्षं मी गोळी जिभेखाली ठेवत होते. ती गिळायची नसते, विरघळू द्यायची असते, आणि विरघळेपर्यंत बोलता येत नाही. सकाळची गोळी नेमकी लॅबच्या मीटिंगच्या वेळेला यायची. त्यामुळे मी मितभाषी आणि विचारी म्हणून कंपनीत नावाजले गेले. एका वर्षी मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘दुसऱ्याचं ऐकून घेण्याची वृत्ती’ या रकान्यात मला सबंध विभागात सर्वांत जास्त गुण मिळाले.

गोळी इस्ट्रोजेनची होती. माझ्या जन्माच्या दाखल्यावर ‘मुलगा’ असं लिहिलेलं आहे. तिशीच्या आसपास मी ती नोंद निदान शरीरापुरती तरी दुरुस्त करायला घेतली. डॉक्टर मुंबईचे, गोळ्या मुंबईच्या दुकानातल्या, आणि मी बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत, एका रसायनांच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या टेबलाशी. दिवसातून तीन गोळ्या आणि दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट यांचं कधीच जमलं नाही. फर्स्ट शिफ्टमधली दुपारची गोळी थर्ड शिफ्टमध्ये झोपेत जायची. शेवटी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचे वर्षभराचे रिपोर्ट समोर मांडले आणि म्हणाले, “हे आकडे एखाद्या बॅचचे असते तर तुम्ही ती पास केली असती का?”

मी नाही म्हणाले. खोटं बोलायला वाव नव्हता.

“लिव्हरचे आकडेही चढतायत. त्यात तुम्ही दिवसभर सॉल्व्हंटच्या वासात. गोळ्या आता नकोत. दर दहा दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं. ते जमत नसेल तर सगळंच बंद करून थांबावं लागेल.”

बंद करणं म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. चार वर्षांत हळूहळू जे माझं झालं होतं, त्वचा, चेहरा, आरशासमोर न अडखळता केस विंचरणं, त्यातलं बरंचसं परत द्यायचं. मी इंजेक्शन म्हटलं. देणार कोण, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “कुठलीही नर्स देईल.” मुंबईत बसून बोईसरबद्दल बोलताना ‘कुठलीही’ हा शब्द फार सहज येतो.

स्टेशनच्या पलीकडे काचेच्या दर्शनी भागाचं एक हॉस्पिटल आहे. तिथल्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे इतक्या पदव्या आहेत की नाव वाचेपर्यंत आजार विसरावा. काउंटरवरची मुलगी फाइल बघून म्हणाली, “पेशंट को अंदर भेजिए.” मी म्हटलं, पेशंट मीच. तिनं फाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फाइलकडे पाहिलं आणि फाइलवर विश्वास ठेवला. आतले डॉक्टर म्हणाले, “हम इस तरह का काम नहीं करते.”

“इंजेक्शनचं?”

“इस तरह का.”

मग मी आमच्याच कारखान्याच्या दवाखान्यात गेले. त्याच आठवड्यात कंपनीनं गेटवर समावेशकतेचा मोठा फलक लावला होता. त्यावर हसणारे पाच चेहरे होते, आणि त्यांतला एकही आमच्या कारखान्यातला नव्हता. कंपनीचे डॉक्टर सज्जन आहेत. “माझी वैयक्तिक काहीच हरकत नाही,” असं ते तीनदा म्हणाले, आणि त्यावरूनच मी काय ते समजले. त्यांनी हेड ऑफिसला मेल केला. पुढे कळलं की या विषयावर एक समिती नेमली आहे आणि समितीची पहिली बैठक समितीचं नाव ठरवण्यात गेली. माझ्या कपाटात दोन महिने पुरतील एवढ्या काचेच्या कुप्या पडून होत्या. गोळ्या बंद होऊन बारा दिवस झाले होते.

वाट दाखवली ती लॅबमध्ये काचसामान धुणाऱ्या बाईनं. ती सालवडला राहते, मूळची उत्तरेकडची. मी कधी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं. “पाम में एक सिस्टर है,” बीकर पुसत ती म्हणाली. “रिटायर्ड. मेरी सास को सुई वही देती है. कागज देखती है, मुँह नहीं देखती.”

सिस्टर जवळच्याच पाम गावात राहत. घर मच्छीमारांचं होतं. भाऊ बोटीवर, वहिनी बाजारात, आणि अंगणात दोरीवर बोंबील वाळत घातलेले. पुढच्या ओटीवर तीन-चार बायका बसलेल्या. बहुतेक साखरेच्या पेशंट. सिस्टरांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. इतक्या सावकाश की मी मनात तीन वेगवेगळी भाषणं तयार केली. एकही लागलं नाही.

“बस बाय,” त्या म्हणाल्या.

या एका शब्दावर मी दोन दिवस हुरळले होते. त्या शेळीलाही बाय म्हणतात हे नंतर कळलं.

मग त्यांनी कुपी माझ्या हातात दिली. “वाच.”

“काय?”

“काय लिवलंय ते. औषधाचं नाव, किती हाय, कदी संपते. मोठ्यानं.”

ही त्यांची रीत होती. टोचण्याआधी औषध पेशंटनं वाचायचं, आणि त्याला वाचता येत नसेल तर शेजारी बसलेल्यानं. ओटीवर चार बायका, आणि मी इतकी वर्षं ज्या औषधाचं नाव दुकानातसुद्धा कागदावर लिहून देत आले ते मोठ्यानं वाचायचं. मी वाचलं. आवाज जेवढा जाड निघायचा तेवढाच निघाला.

“ते कशाचं?” एका बाईनं विचारलं.

सिस्टर सुई बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुज्या इन्सुलिनचं हिनं विचारलं काय?”

“नाय.”

“मग.”

एवढ्यावर तो विषय संपला. एखाद्या समितीला इतक्या कमी शब्दांत काम संपवताना मी पाहिलेलं नाही.

इंजेक्शन तेलातलं असतं. कुपीतून ओढताना जाड सुई लागते, टोचताना बारीक, आणि बारीक सुईतून तेल आपल्या गतीनं जातं. सिस्टरांचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर असा टेकलेला असे की तो हलतोय हे दिसायचं नाही. मी रोज ब्युरेटमधून थेंब थेंब सोडते. सावकाशपणा मला कळतो. हा माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा होता.

वाचायला लावायची रीत कुठून आली ते त्यांनी एकदा सांगितलं. नोकरीची बहुतेक वर्षं त्या मनोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यांवर होत्या. दोन औषधांचे सारखे दिसणारे खोके आले होते, आणि एका पोराला चुकीचं देता देता राहिलं. “कोणी म्हणंल खोकं बनवणाऱ्याची चूक. हात माजा होता,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून एकट्या स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. दुसरे दोन डोळे लागत. आमच्या लॅबमध्ये याच गोष्टीसाठी एक जाडजूड कार्यपद्धती आहे, तिच्यावर पाच सह्या आहेत, आणि ती कपाटात असते.

चार-पाच महिने असे गेले. रक्ताचे आकडे सरळ झाले, लिव्हरचे उतरले. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले आणि माझी विचारी म्हणून असलेली कीर्ती ओसरली.

चूक माझ्याकडून झाली ती उन्हाळ्यात. लॅबमध्ये कुठलाही मौल्यवान नमुना आला की आमचा हात आपोआप फ्रिजकडे जातो. खोली तापायला लागल्यावर मी नव्या खोक्यातल्या उरलेल्या चार कुप्या उचलून फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, ठेवल्या. पुढच्या खेपेला सिस्टरांनी कुपी उजेडात धरली, आणि धरूनच राहिल्या.

“हे काय गो?”

तेलात बारीक रव्यासारखे कण दिसत होते.

“फ्रिजमध्ये ठेवली होती.”

“कोणी सांगितलं?”

कोणीच नव्हतं सांगितलं. खोक्यावर बारीक अक्षरांत उलटच लिहिलं होतं: फ्रिजमध्ये ठेवू नये. मी दर दहा दिवसांनी नाव, मात्रा आणि तारीख मोठ्यानं वाचत होते, आणि खालची ओळ एकदाही वाचली नव्हती. दुसऱ्यांच्या लेबलांवरच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

मुंबईच्या दुकानात नवा माल कधी येईल ते सांगता येत नव्हतं. त्या चार कुप्या गेल्या तर पुन्हा बंद. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हातात धरून हळूहळू ऊब द्या. तेल पूर्ण नितळ झालं तर चालेल, एकही कण राहिला तर टाकून द्या.

सिस्टरांनी दोन कुप्या आपल्या मुठीत घेतल्या, दोन माझ्या. आम्ही तशाच मुठी वळून ओटीवर बसलो. रुसलेल्या दोन मुलींसारख्या, असं वहिनी बाजारातून येता येता म्हणाली. तेवढ्या वेळात सिस्टरांनी पाड्यांवरची गोष्ट सांगितली. भात निघालं की माणसं पोरांना घेऊन वीटभट्ट्यांवर जात, आणि पोरांचा दुसरा डोस राहून जाई. सिस्टर पहिल्या डोसाच्या वेळीच विचारून ठेवत की भट्टी कुठली. मग लशींचा डबा खांद्याला लावून भट्ट्या शोधत फिरत. “एकदा मालक म्हणाला, कामाच्या वेळेत पोरं देणार नाय. मी म्हटलं, मग मी तुज्या खुर्चीवर बसते. जेवणापतोर बसले.”

“मग?”

“मग काय. त्याला खुर्ची पायजे होती.”

या कामासाठी त्यांना कधी शाल, नारळ, काही मिळालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ मिळालं. भिंतीवर ते नव्हतं. बोटीवर दिलं, म्हणाल्या, तिथे वेळेचं काम असतं.

तीन कुप्या नितळ झाल्या. चौथीत तळाशी एक धूसर रेघ राहिली.

“थोडंसंच आहे,” मी म्हटलं. खरं तर विनवलं.

“कंपनीत असं सोडतेस?”

“नाही.”

“मग हितं कशाला?” आणि त्यांनी ती बाजूला टाकली. मी त्या क्षणी त्यांच्यावर चिडले होते, हे लिहून ठेवायला हवं. पण माझ्या शरीराबद्दल माझ्याहून जास्त काटेकोर असणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. लोक एक तर हात लावत नसत किंवा ‘चालतंय की’ म्हणत.

नवा माल वेळेत आला. पण पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की कुपीची मान मोडताना सिस्टर आता दुप्पट कापूस घेतात, आणि टोचताना मनगट आपल्याच गुडघ्याला टेकवतात. मी विचारण्याआधी त्याच बोलल्या. त्या दिवशी इंजेक्शन देऊन झालं, हात धुतला, आणि तो हात माझ्यासमोर पसरून धरला. बोटं हलत होती. फार नाही.

“इन्सुलिनची सुई नखाएवढी, ती चालते अजून. तुजी नाय चालायची. पुढल्या टायमापासून तू तुजं घ्यायचं.”

मी एखाद्या दुसऱ्या सिस्टरबद्दल विचारलं.

“हायत की. चांगल्या हायत. पण दर वेळी कोणाच्या तरी ओटीवर सगळं पहिल्यापासून सांगत बसायचंय काय तुला?”

मी आयुष्यात बरीच माणसं पाहिली आहेत, ज्यांना आपला हात कधी थांबवावा हे कळलं नाही. त्यांतली काही अजून सह्या करतात. कुणी न सांगता, कुणाचं काही बिघडण्याआधी, आपला हात आपणच मोजून बाजूला ठेवणारी ही एकच.

शिकवणी दोन रविवार चालली. कच्ची पपई आणि सिरिंजमध्ये पाणी. सुई कशी धरायची, मांडीचा बाहेरचा भाग कसा मोजायचा, हवा कशी काढायची. पहिल्या पपईला मी इतक्या भीत भीत टोचलं की सुई सालीतच अडली, मग इतक्या जोरात की पपई ओटीवरून गडगडत अंगणात गेली. “ही माणूस असती तर पोलिसांत गेली असती,” सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या रविवारच्या तीन पपया तक्रार न करता गेल्या.

तिसऱ्या रविवारी माझी स्वतःची मांडी. आतल्या खोलीत, चटईवर. वाचलं, सगळ्या ओळी. तेल ओढलं, सुई बदलली, जागा पुसली. आणि हात थांबला. दिवसभर विषारी द्रव पिपेटनं मोजणारा हात मांडीपासून चार बोटांवर येऊन उभा राहिला. सिस्टर समोर बसल्या होत्या. धीर धर, बाय, घाबरू नको, असं काहीच बोलल्या नाहीत. जरा वेळानं उठल्या, “दूध बघते,” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला नाही, स्टोव्हचा आला नाही. त्या दाराच्या पलीकडे नुसत्या उभ्या होत्या.

मी सुई टोचली. पपईपेक्षा सोपी गेली. अंगठा दांड्यावर टेकवला आणि तेलाला जायचं तेवढ्या वेळात जाऊ दिलं. सुई काढली, कापूस दाबून धरला.

सिस्टर बाहेर आल्या. चष्मा लावला, वाकून जागा पाहिली.

“रगत नाय,” म्हणाल्या. “पुढल्या टायमाला उजवी मांडी.”

आणि ओटीवर थांबलेल्या बाईला आत हाक मारली.