रशीदचाचांनी टाकलेले दोन थेंब

लातूरचे रशीदचाचा आज सकाळी गेले.

कीबोर्ड रिपेअर करायचे. आता कोण करतं? बिघडला की फेकतात, नवा आणतात.

मला दिसत नाही. कॉलेजात असताना नजर गेली. नंतर टायपिंगचा क्लास लावला. अहमदपूरहून रोज एसटीनं लातूर, सोबत आई.

एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. त्यावरून बोटं जागा धरतात. माझ्या नव्याकोऱ्या कीबोर्डवरचा दोनच महिन्यांत घासून सपाट झाला. बोटं एक घर सरकायची आणि पानभर भलतंच टाइप व्हायचं.

परीक्षा तीन आठवड्यांवर. मी आईला म्हणाले, सोडून देते.

आईनं कीबोर्ड पिशवीत घातला. मला चाचांच्या दुकानात घेऊन गेली.

चाचांनी कीबोर्ड जरासा वाकवला, तर करकरला.
"पापड हाय हा. आत पत्रा न्हाई, स्प्रिंग न्हाई. आता असलेच बनवून राहिले सगळे."

मग कपाटातला एक जुना काढून माझ्या मांडीवर ठेवला. चांगलाच जड.
"बोटं ठेव, बेटा."

ठेवली. एफ सापडला. जे सापडला.
मला रडू आलं.
"रडू नको. टाइप कर."

तीन आठवडे त्याच्यावरच सराव केला. परीक्षेला आई आणि मी तोच घेऊन गेलो, तर सुपरवायझर म्हणाले, "बाहेरचा कीबोर्ड चालत नाही." तिथल्या कीबोर्डवरचेही उंचवटे घासून गेलेले.

आईनं चाचांना फोन लावला. ते दुकान बंद करून आले. वाद घातला नाही.
"साहेब, मग तुमच्याच कीबोर्डवर दोन थेंब टाकू का?"
साहेब म्हणाले, "टाका."

चाचांनी खिशातलं चिकटवायचं सोल्युशन काढलं. काडीनं एफवर एक थेंब, जेवर एक. ते वाळून टणक उंचवटा होईपर्यंत फुंकर मारत उभे राहिले.

मी पास झाले. आज नांदेडात क्लार्क आहे.

ऑफिसात दरवर्षी नवा कीबोर्ड येतो, आधीच्याहून हलका. दरवेळी मी तो घेऊन लातूर गाठायचे. मागच्या खेपेला चाचा म्हणाले, "हात लई थरथरतो आता. तूच टाक."

माझं बोट धरून जागा दाखवली. मी टाकले.
"जेचा वाकडा पडला का, चाचा?"
"हाव. पण तुला सापडतो ना?"
"सापडतो."
"मग झालं."

आई आणि मी आत्ता एसटीत आहोत. त्यांच्या घरी निघालोय.

चाचा, पुढचे थेंब मी नीट टाकीन.
तुम्हाला शेवटचा सलाम.