वहिनीच्या वाट्याचं शेततळं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो आहे — की आता पोटात मावत नाही म्हणून? मलाच नीट कळत नाही.

आधी सुमनवहिनीबद्दल सांगू द्या. माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा गेला तेव्हा गावाला वाटलं, ही आता पुलगावला माहेरी जाईल. ती गेली नाही. अल्लीपूरजवळ आमची शेतं धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून आहेत. तिचं लहान, माझं मोठं. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनीनंच आमची चूल पेटती ठेवली, म्हशी सांभाळल्या, माझ्या पोरीला दहावीच्या पेपरांना हिंगणघाटला नेलं-आणलं. आज माझ्या घरात जे काही धड उभं आहे, त्याला तिचा हात लागलेला आहे. तिचे उपकार मी मनापासून मानतो. आणि हे सगळं पुढच्या गोष्टीच्या आधीचं आहे — म्हणूनच जीभ अडखळते.

काही वर्षांपूर्वी गावात शेततळ्याचं सरकारी अनुदान आलं. सोडतीत वहिनीचं नाव निघालं. तिच्या मागे माझं. म्हणजे तिनं नको म्हटलं, तरच मला. कृषी सहायक जागा पाहायला आले तेव्हा वहिनी माहेरी होती, आईच्या दुखण्यासाठी गेलेली. साहेब माझ्या शेतात आले. विचारलं, "सुमनबाई कुठं आहेत?"

फोन माझ्या खिशात होता. एक फोन करायचा — बस, तेवढंच. का नाही केला?

"त्या आता शेती नाई करत, साहेब," मी म्हणालो. "ठेक्यानं द्यायचं चाललंय. तळं नको म्हणाल्या."

घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, आणि माझ्याच शेतात टेप धरली.

वहिनी परत आली तेव्हा जेसीबी चालू होता. तुमचा फोन लागला नाही, साहेब थांबले नाहीत, असं मी सांगितलं. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. ती खड्ड्याच्या काठापर्यंत गेली, आत डोकावली. मग म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी. घरातच राह्यलं ना."

पुढच्या हंगामात पावसानं दडी मारली. तिची कपाशी माना टाकू लागली. मी पाइप ओढून तिच्या शेताला पाणी दिलं. मायेनं दिलं, की भीतीनं? आजही ठाऊक नाही. कपाशी जगली, आणि तिनं गावभर सांगितलं, "माह्या दिरानं माही पऱ्हाटी वाचवली." तेव्हापासून तिच्या शेतातला पहिला हरभरा माझ्या घरी येतो. दीर असावा तर असा, म्हणतात लोक. मी ऐकून घेतो. खरं सांगू? — आवडतंही.

यंदा पुन्हा शेततळी आली. पुन्हा वहिनीचं नाव निघालं. या खेपेला मी स्वतः तिच्या दारात गेलो, लगेच होकार कळवा म्हणालो. वाटलं, सुटलो. ती अंगणात तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "कायले भाऊजी? तुमचं पाणी हाये ना मले. माही जमीन आधीच एवढुशी, त्यात खड्डा काऊन करू? ज्याले कोणी देणारं नाई, त्याले भेटू द्या."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. ऐकायला ती समोर बसलेली होती. मी म्हणालो, "बरं." तिनं चहा ठेवला. मी प्यालो आणि घरी आलो.

ते तळं आता दुसऱ्याच्या शेतात खणलं जातंय. वहिनीच्या कपाशीला आजही माझ्या शेतातून पाणी जातं. तिचंच पाणी मी तिला देतो — आणि ती माझे उपकार मानते.