चालत्या बाईला खुर्ची

शहापूर-मुरबाड रस्त्यापासून जरा आत एका ट्रस्टचं शुश्रूषा केंद्र आहे. तिथे मी फिजिओथेरपी असिस्टंट आहे. पेशंट बहुतेक मुंबई-ठाण्याचे म्हातारे. घरचे लोक पैसे भरतात, मधूनमधून फळं घेऊन भेटायला येतात. मागच्या बाजूला एक खोली मात्र आसपासच्या गरिबांसाठी आहे. तिथल्या खाटा फुकट. ट्रस्टच्या प्रत्येक भाषणात या खाटांचा उल्लेख होतो, आणि त्याच खोलीतला पंखा बिघडला की दुरुस्त व्हायला उन्हाळा सरतो.

त्या खोलीत गेल्या दिवाळीनंतर एक आजी आली. डोळखांबच्या वर, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावरची. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन बांधावरून येताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, खुब्यात नवा गोळा बसवला. पण घरी बघणार कोण? मुलगा आणि सून भिवंडीकडे वीटभट्टीवर जायच्या तयारीत. न जाऊन भागणार नव्हतं. मग कुणाच्या तरी ओळखीने तिला आमच्याकडे आणून ठेवलं.

पहिल्या दिवशी मी तिला खाटेच्या कडेला बसवायला गेले तर तिने माझा हातच झिडकारला.

"तू डाक्टरीन हायेस का?"

"नाही आजी. डॉक्टर मॅडम कल्याणहून येतात, आठवड्यातून दोनदा. त्या सांगतील ते व्यायाम मी तुमच्याकडून करून घेणार."

"म्हंजे तू त्यांची गडी."

"तसंच समजा."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "डाक्टर लोक बोलतात आनि जातात. गडी मानूस थांबतो."

या बाईइतकं मन लावून काम करणारं पेशंट मला क्वचित मिळालं. घोटा वरखाली करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, असले कंटाळवाणे व्यायाम ती भात लावावं तशी करायची, मान खाली घालून, मधे न थांबता. दुखलं की शिवी द्यायची, बहुतेक त्या बांधाला. वॉकर धरून उभी राहिली त्या दिवशी घामाने चिंब झाली होती, पण बस म्हटलं तरी बसेना. नंतर वॉकर सुटला, काठी आली. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे मी एकदा सांगितलं. त्यानंतर तीच शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागली.

डॉक्टर मॅडमनी तिला एक गोष्ट बजावली होती. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचं नाही. खुब्यातला गोळा निसटू शकतो. आता पाड्यावरच्या घरात जमिनीवर न बसता बाई जगणार कशी? चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, संडास म्हणजे उकिडवं बसणं. म्हणून मी ऑफिसात जाऊन विचारलं, हिला घरी जाताना कमोडची एक साधी खुर्ची देता येईल का? मधे भोक असलेली, खाली बादली ठेवायची, एवढीच. मॅनेजर म्हणाले, तशी तरतूद नाही. मी परत विचारलं. परत तेच उत्तर.

शिमग्याच्या आधी डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं आणि सांगितलं, आता घरी जायला हरकत नाही. आजीने त्याच संध्याकाळी आपलं गाठोडं बांधलं. निरोप गेला. भट्टीवरच्या शेठकडून एका दिवसाची सुटी मागून मुलगा आला. पहाटेच निघाला असणार, डोळे लाल, केसांत विटांची धूळ तशीच. आईला काठी घेऊन पडवीतून येताना त्याने पाहिलं आणि तो नुसता हसत राहिला.

मॅनेजरांनी त्याला बाहेरच गाठलं.

"अजून थोडे दिवस राहू दे तिला. पंधरवड्याने कार्यक्रम आहे आपला. देणगीदार येणार आहेत मुंबईहून. स्थानिक पेशंट दिसायला पाहिजेत."

मी म्हणाले, "सर, डॉक्टरांनी सोडायला सांगितलंय."

"सांगितलंय ना? मग सोडूच की. कार्यक्रम झाल्यावर." आणि मुलाकडे वळून म्हणाले, "फुकटच तर राहतेय. तुझं काय जातंय?"

फुकटच. तो शब्द अजून माझ्या कानात तडतडतो. आपण एखाद्याला फुकट भाकरी दिली म्हणून त्याच्या उठण्याबसण्यावर आपली मालकी येते काय?

मुलगा आईकडे न बघता म्हणाला, "सायेब बोलतात तं राहू दे. मी मंग येतो."

आजी आत गेली, खाटेवर बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझी मी सोडते." त्या दिवशी तिने व्यायाम केले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अंगणात मांडव घातला. ऊन मरणाचं. एका टेम्पोतून नव्या कोऱ्या व्हीलचेअर उतरवल्या, प्रत्येकीच्या पाठीवर देणाऱ्यांच्या नावाचा स्टिकर. सोबत वाटायला घोंगडीसारखी जाड ब्लँकेटं. आमच्या केंद्रात खरोखर चालता न येणारे पेशंट आहेत, त्यांना त्या खुर्च्यांचा उपयोगही होता. पण ते पुढच्या बाजूचे, पैसे भरणारे. त्यांच्या घरच्यांना असे फोटो चालत नाहीत. फोटोसाठी मागची खोली.

मॅनेजर माझ्याकडे आले. "त्या डोळखांबच्या आजीला घे. खुर्चीत बसव आणि पुढे आण."

"सर, ती चालते."

"माहितीये मला. आज बसू दे. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"चालत्या बाईला मी खुर्चीत बसवणार नाही."

ते आवाज न चढवता म्हणाले, "ठीक आहे. तू नको करू," आणि वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. मावशींचा काय दोष? दोन पोरी पदरात आहेत, सांगितलं ते त्यांनी केलं. आजीची काठी भिंतीला लावून ठेवली, तिला खुर्चीत बसवलं, त्या उन्हात मांडीवर ब्लँकेट टाकलं आणि ढकलत मांडवात आणलं.

पाहुण्यांनी खुर्चीमागे उभं राहून फोटो काढायला सुरुवात केली. एकजण आजीच्या खांद्यावर हात ठेवून वाकला. आजीचा चेहरा मी समोरून पाहत होते. आधी गोंधळ होता, मग त्याचं भय झालं. तिने गर्दीत मला शोधून काढलं आणि हाताने जवळ बोलावलं. मी गेले. तिने माझा हात घट्ट धरला.

"पाय परत मोडला का गो माझा?" ती कुजबुजली. "मना सांगत का नाय कोनी?"

ही बाई तीन महिने घाम गाळून चालायला लागली होती, आणि या लोकांनी तिला पाच मिनिटांत परत लंगडी करून टाकली होती. तिच्याच मनात. खुर्चीत बसवलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, डॉक्टरांना कळलंय आणि आपल्यापासून लपवतायत, असा तिने सरळ अर्थ लावला. दुसरा अर्थ तिला सुचावा तरी कसा? फोटोसाठी कुणी माणसाला अधू करतं, हे तिच्या डोंगरात कुणी शिकवलं असेल?

माझा संताप इतका अनावर झाला की मी मुद्दाम मोठ्याने बोलले.

"पाय बरा आहे आजी. एकदम बरा आहे. उठायचंय का तुम्हाला?"

"उठू?"

"उठा."

मी खुर्चीचे ब्रेक लावले, पावलं ठेवायच्या पट्ट्या दुमडल्या. आजीने मांडीवरचं ब्लँकेट बाजूला टाकलं, दोन्ही हातांवर भार दिला आणि उभी राहिली. मी काठी आणून दिली. ती मांडवातून चालत पार पायरीपर्यंत गेली आणि वळून उभी राहिली.

मला वाटलं, आता सगळ्यांच्या माना खाली जातील. कसलं काय! टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅनेजर क्षणभर पांढरे पडले होते, पण टाळ्या ऐकताच त्यांनी माईक घेतला. "हे बघा आपल्या केंद्राचं यश! चालता न येणारी आजी आज आपल्यासमोर चालतेय!" पाहुण्यांतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकजण मोबाइल काढून म्हणाला, "आजी, परत एकदा. व्हिडिओ घेऊ. आधी खुर्चीत बसा, मग उठा."

आणि आजीला परत आणून बसवलं. तिला आता पायाची खात्री पटली होती, त्यामुळे ती बिचारी हसतहसत बसली, उठली, चालली. मग दुसऱ्या कुणाचा मोबाइल चालला नव्हता म्हणून आणखी एकदा. त्यानंतर पुन्हा कुणीतरी म्हणालं, "अजून एकदा, इकडून."

आजी जागच्या जागी थांबली. काठी पुढे रोवून त्या मोबाइलवाल्याकडे बघत म्हणाली, "म्हशाच्या जत्रेला बैल घेताना असा फिरवून बगतात. मना काय इकायला काढलंय का रे?"

आमच्याकडच्या लोकांना समजलं. म्हशाची जत्रा इथे कुणाला ठाऊक नाही? मुंबईच्या पाहुण्यांना जत्रा माहीत नव्हती, पण विकायला काढणं म्हणजे काय ते समजलं. मघाशी डोळे पुसणाऱ्या बाई उठल्या, आजीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "चुकलंच हो." मोबाइल खिशात गेला. आजी मागच्या खोलीकडे चालत गेली आणि या वेळी कुणी तिचा फोटो काढला नाही.

संध्याकाळी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांसमोर शोभा केलीस, म्हणाले. मी म्हटलं, "शोभा मी केली की तुम्ही? ती बाई विचारत होती, माझा पाय परत मोडला का. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?"

"या लोकांच्या नावानेच देणगी येते. त्या देणगीवर तुझा पगार होतो."

"मग त्यांना निदान तेवढा तरी मान द्या."

ते म्हणाले, जा. मला वाटलं, कायमचं जा. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम कल्याणहून आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या एरवी भांडणात पडत नाहीत. त्या दिवशी मात्र केबिनमध्ये बराच वेळ होत्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "आजींच्या मुलाला बोलाव. आणि तू कुठेही जात नाहीयेस."

मुलगा परत आला. परत सुटी, या वेळी दोन दिवस बुडाले. जाताना केंद्राने आजीला काय द्यावं? व्हीलचेअर. ज्या पाड्यावर जीपसुद्धा निम्म्या चढावर सोडून देते, तिथे. कमोडच्या खुर्चीला तरतूद नव्हती, हिला होती, कारण तिच्या पाठीवर स्टिकर होता. मुलाने ती फिरवून बघितली, चाकं बघितली, आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, ही राहू द्या. आमच्याकडं हिला रस्ता नाय."

महिनाभराने माझ्या सुटीच्या दिवशी मी डोळखांबला गेले आणि तिथून चालत वर. आजी उंबऱ्याबाहेर लाकडी ठोकळ्यावर बसून तांदूळ निवडत होती. ठोकळा मुलाने उंची बघून कापला होता, मॅडमनी सांगितली होती तेवढीच. चूलही त्याने मातीचा ओटा घालून वर उचलली होती. मागच्या बाजूला, जुन्या खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून, आडोसा करून दिला होता. आमच्या एवढ्या मोठ्या केंद्राला जे जमलं नाही ते एका माणसाने सुटीच्या दोन दिवसांत केलं होतं, आणि लगेच भट्टीवर परत गेला होता. आजीने मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली. केंद्राबद्दल एक वाईट शब्द तिने काढला नाही. माझ्याच्याने राहवलं नाही, मीच काढले पुष्कळ.

"सोड गो," ती म्हणाली. "तुज्या पोटात आग ठेवून माजा पाय काय जास्ती चालनार हाय?"

पण मला नाही सोडता येत. केंद्राच्या फाटकाशी आता मोठा फलक लागलाय. त्यावर आजीचा फोटो आहे, खुर्चीत बसलेला, मांडीवर ब्लँकेट, डोळ्यांत ते भय. मी काढायला सांगितलं, लेखी दिलं, मॅडमनीही सांगितलं. फलक महाग आहे म्हणतात. पुढच्या कार्यक्रमाची तयारी चालू झाली आहे. मागच्या खोलीत सध्या लकव्याचे एक बाबा आहेत, कालपासून आधाराने उभे राहतात. मी मॅनेजरांना आत्ताच सांगून ठेवलंय की कार्यक्रमाच्या वेळी त्यांचा व्यायाम चालू असेल, आणि व्यायामाच्या खोलीची कडी आतून लागते.